कंदील भर सकाळी का पेटवला?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत युरोपातल्या तत्त्वज्ञांनी धर्माला आणि नीतीला दिलेल्या धडकांवरचा पानभर लेख वाचला. विषय घेतल्याबद्दल आधी आभार. एरवी आपल्याकडे जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेचं नाव निघतं ते विनोदापुरतंच. ('देव मेला आहे – नीत्शे. नीत्शे मेला आहे – देव.' आमच्या सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर हा या वर्षी तीनदा येऊन गेला.) पण लेखाचीही गाडी शेवटी तिथेच येऊन थांबली. नीत्शेने देव मेल्याची दवंडी पिटली, नास्तिकांना रान मोकळं करून दिलं आणि त्याच रानात पुढे हिटलर उगवला, असा एकूण सूर होता.

मी तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक नाही. कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवून निवृत्त झालो. मुलांनी निबंधात अवतरण टाकलं की मूळ पान काढून बघायची खोड तेवढी राहिली आहे. 'देव मेला आहे' हे वाक्य ज्या पानामुळे गाजलं ते 'द गे सायन्स' या १८८२ सालच्या पुस्तकातलं, १२५ वा परिच्छेद. तिथे नीत्शे स्वतःच्या तोंडाने काही जाहीर करतच नाही. तो एका वेड्याची गोष्ट सांगतो. हा वेडा लख्ख सकाळी कंदील पेटवून बाजारात धावत येतो आणि ओरडतो, 'मी देवाला शोधतोय!' बाजारात जमलेल्यांपैकी पुष्कळजण देव न मानणारेच असतात. ते खो खो हसतात. का रे, हरवला की काय तुझा देव? लहान पोरासारखा वाट चुकला? की घाबरून लपून बसलाय? जहाजात बसून परदेशी गेला?

म्हणजे टवाळी करणारे नास्तिक आहेत आणि कळवळून बोलणारा वेडा. लेखात हीच बाजू उलटी झाली आहे. वेडा त्यांना म्हणतो, त्याला आपणच मारलंय, तुम्ही आणि मी. सगळं क्षितिज पुसून टाकायला आपल्याला स्पंज कोणी दिला? ही पृथ्वी आपण तिच्या सूर्यापासून सोडवली, आता ती चाललीय कुठे? गारठा वाढला नाही का? सकाळीच कंदील लावायची वेळ आली नाही का? यात विजयाचा आनंद कुठे दिसतो? घरातला कर्ता माणूस गेल्यावर पोरांनी खिदळत बसावं आणि एकाने म्हणावं, अरे, आता घर कसं चालणार, तसा हा आवाज आहे. (मार्क्सच्या 'धर्म ही जनतेची अफू' या वाक्याची गतही अशीच झाली. १८४४ साली छापलेल्या त्या परिच्छेदात धर्म हा पिडलेल्या जिवाचा उसासा आहे, काळीज नसलेल्या जगाचं काळीज आहे, हे आधी येतं आणि अफू मागाहून. त्या काळी अफू हे दुखण्यावरचं औषधही होतं. पण तो वेगळ्या पत्राचा विषय.)

नीत्शेचा खरा चिमटा आस्तिकांपेक्षा सुधारकांना आहे. 'ट्वायलाइट ऑफ द आयडॉल्स'मध्ये तो कादंबरीकार जॉर्ज एलियटला धारेवर धरतो. या बाईंनी फॉयरबाख या जर्मन तत्त्वज्ञाचं धर्मचिकित्सेचं पुस्तक १८५४ साली इंग्रजीत आणलं, स्वतः श्रद्धा सोडली, पण ख्रिस्ती नीती मात्र घट्ट धरून ठेवली. नीत्शेचं म्हणणं असं की देव टाकलात तर त्याच्या नीतीवरचा हक्कही गेला. सगळी इमारत एकाच पायावर उभी आहे, पाया काढून माडी ठेवता येणार नाही.

हे त्याने लिहिलं १८८८ साली. त्याच वर्षी पुण्यात आगरकरांनी 'सुधारक' सुरू केला. मिल आणि स्पेन्सर हे इंग्रज विचारवंत पचवलेले, 'देवतोत्पत्ति' लिहिणारे आगरकर नेमके एलियटच्या बाजूचे: देवाच्या धाकाशिवायही माणूस नीतीने वागू शकतो, आणि तसं वागून दाखवणारे. नीत्शेचं नाव तेव्हा युरोपातही थोड्यांनाच ठाऊक होतं, त्यामुळे हा सामना कधी झालाच नाही. झाला असता तर? मला स्वतःला आगरकरांची बाजू जवळची वाटते. शेजारी आजारी पडला तर आपण त्याला दवाखान्यात नेतो ते काही ईश्वराच्या अस्तित्वाचा निकाल लावून नव्हे. पण शेजाऱ्याला न्यावं असं आपल्याला वाटतंच का, हा नीत्शेचा प्रश्न त्यामुळे मिटत नाही. लेखात या प्रश्नाला एक ओळ तरी मिळायला हवी होती.

आता हिटलर. जानेवारी १८८९ मध्ये इटलीतल्या तुरिनला नीत्शेचं मन कोलमडलं ते कायमचं. १९०० साली तो गेला. त्याची बहीण एलिझाबेथ हिने त्याची हस्तलिखितं ताब्यात घेतली आणि फुटकळ टिपणं जोडून १९०१ साली 'द विल टू पॉवर' नावाने पुस्तक काढलं. तिचा नवरा कट्टर ज्यूद्वेष्टा, पराग्वेत 'शुद्ध' जर्मनांची वसाहत वसवायला निघालेला. नीत्शेने त्या लग्नाबद्दल बहिणीला लिहिलेली संतापाची पत्रं उपलब्ध आहेत. १९३५ साली बहिणीच्या अंत्यविधीला हिटलर हजर होता हे खरं, पण तो पाहुणा तिचा. उलट नीत्शेला इंग्रजी वाचकांपुढे नीट उभं केलं ते वॉल्टर काउफमान यांनी, आणि ते १९३९ साली नाझी जर्मनीतून निसटलेले ज्यू निर्वासित होते.

याचा अर्थ नीत्शे धुतल्या तांदळासारखा, असं मला म्हणायचं नाही. त्याला ठोकायचंच असेल तर हिटलरपर्यंत जायची गरज नाही, आपल्या घरातच सामान आहे. १८८८ सालीच त्याच्या हाती मनुस्मृती पडली, तीही लुई जाकोलिओ या फ्रेंच न्यायाधीशाच्या भरवसा न ठेवण्याजोग्या भाषांतरातून. चांडाळांवरची बंधनं वाचून त्याला ती क्रूर वाटली खरी, पण 'द अँटिख्राइस्ट'मध्ये तो त्याच ग्रंथाला बायबलच्या कितीतरी वर बसवतो. याचा समाचार डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'फिलॉसॉफी ऑफ हिंदुइझम'मध्ये घेतला आहे. झरथुष्ट्र (नीत्शेच्या गाजलेल्या पुस्तकाचा नायक) हे मनूचंच नवं नाव, असं ते लिहितात. आणि लगेच दोघांत फरकही करतात: नीत्शेचे अतिमानव लायकीने अतिमानव होते, मनूचे जन्माने. ज्याच्यावर आरोप ठेवायचा त्याच्याच बाजूचा मुद्दा आधी मान्य करायचा, ही त्या बॅरिस्टरी लेखणीची ऐट! हे लेखन महाराष्ट्र शासनाने १९८७ साली, इंग्रजी खंडमालेच्या तिसऱ्या खंडात छापलं आहे. नीत्शेवरच्या मराठी लेखात हिटलर येतो आणि आंबेडकर येत नाहीत, याचं मला वाईट वाटलं.

एक किरकोळ विनंती. लेखासोबतच्या चौकटीत मोठ्या टाइपात 'देव मेला आहे' एवढंच छापलं होतं. लेखमाला पुढे चालणार असेल तर तीच चौकट पुन्हा वापरली जाईल, म्हणून सुचवतो. त्या गोष्टीत शेवटी बाजारातली माणसं हसायची थांबतात आणि बुचकळ्यात पडून बघत राहतात. वेडा कंदील जमिनीवर आपटतो, तो फुटून विझतो, आणि मग तो म्हणतो, 'मी फार लवकर आलो.' चौकटीत हे वाक्य द्यावं.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, मिरज