ब्रन्सनने किती सोडले त्याचा हिशोब

प्रिय ओंकार,

काल फोनवर तू तावातावाने म्हणालास की NBA मधल्या न्यूयॉर्क निक्स या बास्केटबॉल टीमच्या ब्रन्सनने 113 मिलियन डॉलर सोडले, इतका येडा प्लेअर बघितला नाही, आणि नेमका मला ऑफिसचा कॉल आला, म्हणून आता लिहितेय. गेम तुला आणि बाबांना कळतो पण आकडेमोड माझं रोजचं काम आहे ना रे.

जुलै 2024 मध्ये त्याने निक्सबरोबर चार वर्षांच्या 156.5 मिलियनच्या एक्स्टेंशनवर, म्हणजे मुदतवाढीवर, सही केली. एक वर्ष थांबला असता तर 2025 मध्ये पाच वर्षांचे 269 मिळू शकले असते. वजाबाकी 113 येते खरी, पण पाच वर्षांच्या पैशांतून चार वर्षांचे कसे वजा करतोस तू? त्या 269 मधली पहिली चारच वर्षं धर, दरवर्षी 8 टक्के वाढ लावली की साधारण 208 होतात, म्हणजे फरक 51 च्या आसपास. तीही काही चिल्लर नाही, मान्य.

बरं त्या वेळी जास्त मागायची सोयच नव्हती. कॉन्ट्रॅक्ट चालू असताना एक्स्टेंशन करायचं तर त्याच्यासारख्याला पहिल्या वर्षी फार तर जुन्या पगाराच्या 140 टक्केच मिळतात, 2023 च्या आधी तर 120 च होते. त्याचा पगार होता 25, म्हणून सुरुवात 35 ने.

आता तू म्हणशील निक्स कॅपच्या, म्हणजे टीमच्या एकूण पगाराच्या मर्यादेच्या, वर गेलेच आहेत मग काय फरक पडतो. अरे कॅप ओलांडता येते, स्वतःच्या प्लेअरला ठेवायला तर बिनधास्त, खरी भीती आहे सेकंड एप्रनची, म्हणजे कॅपच्या बऱ्याच वरच्या कडक रेषेची. 2025-26 ला कॅप 154.6 आणि सेकंड एप्रन 207.8. त्याच्या वर गेलं की दोन प्लेअरचे पगार एकत्र करून एक मोठा प्लेअर ट्रेडमध्ये आणता येत नाही, मिड-लेव्हल, म्हणजे कॅपच्या वर असूनही बाहेरचा प्लेअर घ्यायची सवलत, मिळत नाही, सात वर्षांपुढच्या ड्राफ्टमधला (नवे प्लेअर निवडतात तो) पहिल्या राउंडचा पिक गोठतो, म्हणजे ट्रेडमध्ये देता येत नाही. पैसे भरून सुटका नाही, हातच बांधले जातात. ब्रन्सन पहिल्या वर्षी 46 ऐवजी 35 वर आला म्हणून टाउन्स, अनुनोबी असे महागडे प्लेअर टीममध्ये असताना 2025 मध्ये ब्रिजेसला पण चार वर्षांचे 150 देणं जमलं. मालकाचा लक्झरी टॅक्सही, म्हणजे पगार फार वाढले की लीगला भरायचा दंड, काही वाचला, ते मात्र मला खुपतं, त्याच्या खिशाची काळजी प्लेअरने कशाला करायची!

आणि ज्याला 2018 च्या ड्राफ्टमध्ये 33 व्या नंबरवर घेतलं, आधीच्या टीममध्ये, डॅलसमध्ये, चार वर्षांचे मिळून 6 मिलियनच मिळाले आणि 55 च्या आसपासचं एक्स्टेंशनही वेळेवर झालं नाही, त्याला एक वर्ष आधी पक्की सही हवीशी वाटणारच ना. गुडघा गेला असता त्या वर्षात तर? वडील निक्सच्याच कोचिंग स्टाफमध्ये होते, घरात बोलणं झालंच असेल.

तू एक गोष्ट बघितलीच नाहीस, चौथं वर्ष प्लेअर ऑप्शन आहे, म्हणजे ते खेळायचं की करार सोडायचा हे तोच ठरवणार. 2028 ला त्याची NBA मधली दहा वर्षं भरतात, मग तो ऑप्शन सोडून कॅपच्या 35 टक्क्यांपर्यंत मागू शकतो, 269 वाल्यात 30 च होते. तेव्हा तो बत्तिशीला टेकलेला असेल, आणि त्या वयाच्या सहा फूट दोन इंची गार्डला मी तरी एवढे दिले नसते.

आई