एस्पादाच्या पाटावरून

सॅन अँटोनिओ, टेक्सस
१२ ऑक्टोबर

प्रिय दिनू,

अप्पांच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं हे वाचून जीव भांड्यात पडला. त्यांना माझा नमस्कार सांग. आपल्या फडातल्या, म्हणजे बंधाऱ्याच्या पाटावर पाळीने भिजणाऱ्या शेतपट्ट्यातल्या, निम्म्या लोकांनी विहिरी, बोअर घेतले आणि पाटाचा गाळ काढायला आता माणूस मिळत नाही, असं तू लिहिलंस. ते दोन दिवस डोक्यातून जाईना. शेवटी आज सकाळी मी इथल्या पाटावर जाऊन बसलो.

हो, इथेही पाट आहे, आणि चालू पाट आहे. शहराच्या दक्षिणेला एस्पादा नावाचं जुनं मिशन, म्हणजे स्पॅनिश पाद्र्यांनी वसवलेली वस्ती आहे. नदीला वरच्या अंगाला दगडी बंधारा घातलाय आणि तिथून उताराने पाणी येतं, अगदी आपल्या पांझरा नदीवरच्या बंधाऱ्यासारखं. वाटेत एक ओढा आडवा येतो. तो ओलांडायला १७४० च्या सुमारास दोन कमानींचा दगडी पूल बांधला, तो फक्त पाण्यासाठी. मी कडेला उकिडवा बसून हात बुडवला. वर पाटाचं पाणी संथ सरकत होतं, त्यावर पेकान या अक्रोडासारख्या झाडाची पिवळी पानं. खाली ओढा आपल्या वाटेने चाललेला. पावणेतीनशे वर्षांत मोटार नाही, पंप नाही. तू असतास तर आधी उतार किती दिलाय ते बघितलं असतंस.

हे झालं कसं, ते तुला सांगतो. १६९१ साली १३ जूनला स्पॅनिश लोकांची एक तुकडी या नदीकाठी पोहोचली. तो संत अँटनीचा सण, म्हणून नदीला त्याचं नाव ठेवलं. इथल्या पायाया लोकांचं नाव होतं यानाग्वाना, ते त्या दिवशी मागे पडलं. तेव्हा मेक्सिको स्पेनकडे होतं आणि पलीकडे लुइझियानात फ्रेंच हातपाय पसरत होते. रिकामी दिसणारी ही जमीन फ्रेंचांच्या हाती जाऊ नये, ही स्पेनची खरी चिंता. मग १७१८ च्या मे महिन्यात चार दिवसांच्या अंतराने इथे एक मिशन आणि एक लष्करी ठाणं उभं राहिलं. ते मिशन म्हणजेच पुढे लढाईमुळे गाजलेलं अलामो. १७३१ पर्यंत नदीकाठी अशी पाच मिशनं झाली.

त्याच १७३१ च्या मार्चमध्ये कॅनरी बेटांवरून पंचावन्न-छप्पन्न माणसं आली. राजाच्या मनात शेकडो कुटुंबं होती, आली एवढीच. क्यूबामार्गे जहाजाने मेक्सिकोच्या किनाऱ्यावर, आणि तिथून लेकराबाळांसह महिनोन्महिने खुष्कीच्या मार्गाने. वाटेत काही जण दगावले. टेक्ससमधला पहिला नागरी कारभार त्यांनी सुरू केला. आणि मग काय व्हायचं ते झालंच: पाण्यावरून, जमिनीवरून, पिकात शिरलेल्या गुरांवरून मिशनवाल्यांशी भांडणं. वाचताना मला आपलं गावच आठवत होतं.

आता खास तुझ्यासाठी राखून ठेवलेली गोष्ट. पाटाला इथे म्हणतात असेकिया. हा शब्द अरबी. अरबांनी स्पेनमध्ये कित्येक शतकं राज्य केलं, पाटपाण्याची पुष्कळ विद्या आणि तिचे शब्द तिथे रुजवले, आणि तेच स्पॅनिश लोकांबरोबर इथवर आले. असेकिया ज्या धातूपासून आला, त्याच धातूपासून आपल्या गझलेतला साकी. पाण्याच्या पाळीला शब्द आहे दूला, तो आणि आपली दौलत एकाच अरबी शब्दाची लेकरं. गावचा कारभारी अल्काल्दे, तो मुळात काझी. आणि फडाच्या पाण्यावर देखरेख करणारा आपला हवालदार? त्यातला हवालाही अरबीच! पाणी वाटून घ्यायची पाळी म्हणजेच दौलत. मी हे वाचलं तेव्हा खुर्चीतून उठून उभा राहिलो. शेताच्या तुकड्याला म्हणायचे सुएर्ते, म्हणजे नशीब, कारण तुकडे चिठ्ठ्या टाकून वाटायचे.

पण हे पाट खणले कोणी? फिरायला येणाऱ्यांना पाद्र्यांची नावं सांगतात. कुदळ होती ती इथल्या मूळ लोकांच्या हातात. कोआविल्तेकान म्हणतात त्यांना, पण हे सरसकट दिलेलं नाव. प्रत्यक्षात त्या लहान लहान कितीतरी टोळ्या होत्या, हरणं मारून, पेकान आणि निवडुंगाची बोंडं गोळा करून जगणाऱ्या. उत्तरेकडून अपाचे चढून येत होते, रोगांनी माणसं मरत होती, म्हणून ते मिशनच्या भिंतीआड आले. तिथे घंटेवर उठायचं, घंटेवर प्रार्थना, घंटेवर काम. पळून गेले तर सोजीर पाठवून परत आणायचे. १७३९ साली देवी आणि गोवराची साथ आली आणि मिशनंच्या मिशनं ओस पडायची वेळ आली. त्या माणसांनी सात पाट खणले, एकूण सुमारे १५ मैल, भिजलेली जमीन ३,५०० एकर. त्यातल्या एकाचंही नाव पाटावर नाही. मला याचा फार त्रास होतो, दिनू.

१७६० साली बार्तोलोमे गार्सिया नावाच्या पाद्र्याने त्यांच्या बोलीत एक पुस्तक छापलं, कबुली कशी घ्यायची, लग्न कसं लावायचं त्याचं. ती बोली आपल्याला माहीत आहे ती बरीचशी त्यातूनच. गोव्यात फादर स्टीफन्सने १६१६ साली ख्रिस्तपुराण छापलं तेही धर्मासाठीच, पण त्याच्या ओव्या आपण आजही मराठी म्हणून वाचतो. गार्सियाच्या पुस्तकातली बोली बोलणारं आज कुणी उरलेलं नाही. त्या लोकांचे वंशज शहरात आहेत, मिशनच्या चर्चमध्ये त्यांची लग्नं लागतात, पण स्पॅनिशमध्ये नाहीतर इंग्रजीत. आणि त्या बोलीत कुदळीला, गाळाला, पाटाच्या फुटण्याला काय म्हणायचे, हे पाद्र्याने कशाला विचारावं? त्याला पापांची नावं हवी होती.

म्हणून एक काम सांगतो, मनावर घे. अप्पांनी पाटाचं पाणी वाटणारा पाटकरी म्हणून तीस वर्षं काढली. आता महिनाभर ते खाटेवरच आहेत. संध्याकाळी त्यांच्याजवळ बस आणि फोन रेकॉर्डिंगला लाव. कोणत्या फडाला कोणत्या दिवशी पाळी, पाणी कमी पडलं की कोणता फड कोरडा ठेवायचा हे कसं ठरायचं, दारं धरताना रात्री कोणती हाक मारायचे, बंधारा फुटला त्या वर्षी कोण कोण धावून आलं. माणसांची नावं नक्की विचार. अहिराणीत बोलले तर अहिराणीतच राहू दे, शुद्ध करू नकोस.

मी जानेवारीत येतोय. गाळ काढायचा दिवस ठरला की आधी कळव, म्हणजे तिकीट त्याच बेताने काढतो. एक फावडं माझ्यासाठी ठेव.

तुझा,
विलास