आमच्या विशेष शिक्षिका ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही लगेच विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय.

अमळनेर तालुक्यातली आमची जिल्हा परिषदेची शाळा, दुसरीचा वर्ग आणि त्यात दिसणं-ऐकणं दोन्ही जेमतेम असलेली एक मुलगी. २०१६च्या दिव्यांग कायद्यात बधिरांधत्वाचा उल्लेख आहे, पण भर वर्गात तिच्याशी बोलायचं कसं, ते कोण सांगणार? मुंबईत १९७७ पासून अशा मुलांसाठी हेलन केलर संस्था आहे. पण कापूस वेचायला जाणाऱ्या आईबापांना मुंबई कुठली परवडायला? तुम्ही एसटीने गावात आलात.

पहिल्या दिवशी तुम्ही काही शिकवलंच नाही. सतरंजीवर तिच्याशेजारी बसलात आणि आपला हात तिच्या हाताखाली सरकवलात. "वरून धरला की ती अडकते. खालून दिला की नको तेव्हा तिला काढून घेता येतो," म्हणालात. मग तुमचं कडं तिला चाचपू दिलंत. तेव्हापासून मी रोज एकच जाड पाटली घालते. मनगट चाचपलं की तिला कळतं, बाई आल्या. पोरांनीही आपापल्या खुणा ठरवल्यात. एक पठ्ठ्या कोपरावर दोन टिचक्या मारतो.

खिडकीकडे पाठ करून बसवणं, काळ्या ताटलीत भात वाढणं, हे लगेच जमलं. कप्प्यांच्या फळीला मात्र वेळ लागला. दिवसातल्या एकेका कामाची खूण म्हणून एकेका कप्प्यात एकेक वस्तू. चमचा म्हणजे खिचडी, दोरीचा तुकडा म्हणजे झोका, दप्तराचा जुना पट्टा म्हणजे घर. जे आटोपलं त्याची वस्तू टोपलीत. आणि वस्तू हातात दिली की थांबायचं. बाकीचा वर्ग कलकलत असताना एकीच्या बोटांकडे बघत गप्प बसायचं, हे फार जड गेलं हो! पण एका सकाळी तिने आपणहून दोरी काढली, माझा हात शोधला, तळव्यावर दोरी ठेवली आणि माझी मूठ मिटली. खिचडीवाल्या मावशी दारातून बघत होत्या. "पोर भलती हुशार शे!" म्हणाल्या. शाळा तपासणीच्या वहीतसुद्धा इतका नेमका शेरा मी वाचलेला नाही.

आता अडचण एवढीच, की गणिताचा तास लागला रे लागला की बाईसाहेब दोरी माझ्या हातात कोंबतात. "झोका नंतर" हे तिला कसं सांगायचं, ते पुढच्या फेरीला दाखवा.

तुमची,
दुसरीच्या वर्गाची बाई