त्या होडीवर मी हसलो

प्रिय बाळ्या,

चार महिने तुला एक ओळ लिहिली नाही. तब्येत ठीक, गुडघा मधूनमधून बोलतो. पण शनिवारी जे झालं ते तुझ्याशिवाय सांगू कुणाला?

मंडळात 'द नाइट ऑफ द हंटर' हा सिनेमा लावला. आपला. हट्ट माझाच. खुनी पाद्री झालेल्या रॉबर्ट मिचमच्या बोटांवर गोंदलेलं ते 'प्रेम' आणि 'द्वेष' दिसलं तेव्हापासून सगळे चिडीचूप. पोरांची आई झालेली शेली विंटर्स गाडीसकट नदीच्या तळाशी, केस शेवाळासारखे सावकाश हलताहेत. तेव्हा तर मागचं खोकणंही थांबलं. मग होडी आली. दोन पोरं जीव घेऊन वाहत निघालीत आणि काठावर कोळिष्टक, बेडूक, ससे. कुणीतरी फिस्सकन हसलं. "खुनाच्या सिनेमात ससे?" मग सगळेच हसले. मीसुद्धा हसलो रे. मोठ्यानं.

रात्रभर झोप नाही. ससे आहेत म्हणून तर तो सिनेमा आहे! सगळं पोराच्या डोळ्यांतून दिसतंय. क्षितिजावरून घोड्यावर जाणारा तो खुनी म्हणजे स्टुडिओत तट्टावर बसवलेला ठेंगणा माणूस, हे तू सांगितलंस तेव्हा मी पैज लावली होती. (जिंकलास. ती पैज तू सात जन्म विसरणार नाहीस, माहितेय.) गवताच्या माळ्यावरून पोरगं ती आकृती बघतं आणि म्हणतं, हा कधी झोपतच नाही का? राक्षसाच्या गोष्टीत याहून जास्त काय लागतं?

आणि आपलं ते भांडण. तू म्हणायचास, खुनी पहिल्यापासून माहीत, तो ज्यांच्या मागे आहे ते चोरीचे पैसे बाहुलीत आहेत हेही माहीत, मग रहस्य कसलं? रहस्य एवढंच, की मोठी माणसं विश्वास कुणावर ठेवणार. अख्खं गाव पाद्र्याच्या गोड बोलण्याला भुलतं, एकटं पोरगं त्याला ओळखून असतं. तेव्हा लंबूसमोर मी तुला वेड्यात काढलं. तुझंच बरोबर होतं.

१९५५ साली लोकांनी तो नाकारला. दिग्दर्शक चार्ल्स लॉटननं पुन्हा सिनेमाचं दिग्दर्शन केलंच नाही, १९६२ मध्ये गेला. अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत तो आला १९९२ मध्ये. २००८ मध्ये 'काये द्यू सिनेमा' या फ्रेंच मासिकानं सर्वोत्तम चित्रपटांत दुसरा ठरवला. लॉटनला त्यातलं काय मिळालं? आणि प्रेक्षकांना झेपत नाही असंही नाही. दिग्दर्शक देल तोरोच्या 'पॅन्स लॅबिरिंथ' या सिनेमातही राक्षस आणि खून एकाच ताटात आहेत, तरी २००६ मध्ये कान चित्रपट महोत्सवात लोक बावीस मिनिटं टाळ्या वाजवत होते म्हणे. हसणं प्रेक्षकाचं नसतं, शेजारी हसतोय म्हणून आपण हसतो. माझ्यासारखे.

शनिवारी ही पहिली वेळ नव्हती, बाळ्या. तुझ्या विहिरीतल्या मुलीच्या गोष्टीचं वाचन आठवतं? मुलगी पाण्यातून एकेकाचं नाव घेते, तिथं पोरं हसली. त्यात माझा आवाज होता. तू कागद गोळा केलेस, दप्तरात कोंबलेस आणि पुढं कधी विषय काढला नाहीस. मीही नाही काढला. मला ती गोष्ट आवडली होती, हे तुला आज लिहितोय.

नवी नोकरी कशी आहे? आईंचं ऑपरेशन नीट झालं ना? वहिनींना नमस्कार.

ते कागद असतील तर पाठव. शेवटचं नाव ती कुणाचं घेते, तिथपर्यंत आपण पोचलोच नव्हतो.

तुझा,
दिन्या