पळून आलेल्या माणसाला दाखला कोण देणार?

प्रति,
मा. विभागीय आयुक्त, कोकण विभाग,
कोकण भवन, सीबीडी बेलापूर, नवी मुंबई

विषय : वेठबिगारीतून स्वतःहून सुटून आलेल्या कातकरी कुटुंबांना मुक्ततेचा दाखला मिळण्याबाबत

महोदय,

गौरी-गणपतीच्या आसपास आमच्याकडच्या कातकरी वाड्यांवर मुकादमांच्या मोटारसायकली दिसायला लागतात. लावणी उरकलेली असते, कापणीला महिना-दीड महिना अवकाश असतो, घरात दाणा नसतो आणि सण तोंडावर आलेला असतो. अशा वेळी कोणी दहा-पंधरा हजार हातावर ठेवले तर नाही म्हणणारा विरळाच. ही उचल. करार वगैरे काही नाही, मुकादमाच्या वहीत नाव आणि अंगठा. दिवाळी झाली की एका रात्री पिकअप वाडीच्या तोंडाशी लागते. टोप, गोधड्या, कोंबड्या, म्हाताऱ्या, पोरं, सगळं तिच्यात चढतं. दुसऱ्या दिवशी शाळेचा पट निम्म्यावर.

मी पेण-सुधागड भागात आश्रमशाळेत मास्तर होतो. निवृत्त झाल्यावर वाड्यांवरचे अर्ज आणि जबाब लिहून देण्याचं काम आपसूक अंगावर आलं, कारण पोरांचा गुरुजी म्हणून लोक ओळखतात आणि लिहिणारा दुसरा कोणी सापडत नाही. पत्र जाहीर लिहितोय, कारण बंद पाकिटातले अर्ज ‘उचित कार्यवाहीस्तव’ या टेबलावरून त्या टेबलावर फिरतात आणि तिथेच जुने होतात.

यातली काही कुटुंबं पनवेल, कल्याण, भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, काही ताम्हिणी नाहीतर वरंध घाट चढून देशावर कोळसा पाडायला, काही थेट कर्नाटकात. सगळीच फसवली जातात असं मी म्हणणार नाही. हिशोब चोख देणारे मालक आहेत, त्यांच्याकडे माणसं पुन्हापुन्हा जातात. मी बोलतोय ते उरलेल्यांबद्दल. तिथे मधेच घरी यायला बंदी, दुसरीकडे कामाला जायला बंदी, आजारी माणसालाही सुट्टी नाही, आणि एक जण दवाखान्यात किंवा मयतीला गेला तर बायको-पोरं ओलीस ठेवल्यासारखी भट्टीवर.

एका मुकादमाच्या वहीचं पान मी हाताळलं आहे. वर उचल १५,०००. खाली गाडीभाडं १,२००, म्हणजे ज्या पिकअपमध्ये कोंबून नेलं तिचे पैसेसुद्धा नेलेल्या माणसाच्याच नावावर. मग दर बाजारवाराची खर्ची, पाचशे-पाचशेची लांबलचक रांग. दवाखाना ६००. मधेच एका ओळीत नुसतं ‘पाऊस’ आणि त्यापुढे २,०००. हे काय म्हणून विचारलं, तर अवकाळी पावसात कच्च्या विटा भिजल्या त्याचं नुकसान. आभाळातून पडलेलं पाणीही मजुराच्या खात्यावर. नवरा-बायको आणि अकरा वर्षांची मुलगी अख्खा हंगाम राबले आणि पानाच्या तळाशी शिल्लक काय, तर ‘देणे बाकी ६,४००’. ही बाकी पुढच्या हंगामाची उचल म्हणून पुढच्या पानावर गेली. ते पान लिहायला मुकादमाला पुन्हा वाडीवर यायचीही गरज नव्हती.

मानवी तस्करी म्हटलं की आपल्याकडचं पथक लॉज तपासायला निघतं. तपासावेतच. पण भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ मध्ये फक्त लॉज येत नाही. पैशाचं आमिष दाखवून किंवा फसवून, शोषणासाठी माणूस गोळा करणं, नेणं, ठेवून घेणं, हे सगळं त्यात बसतं. शोषणात गुलामीसारख्या प्रथाही येतात, आणि तो माणूस ‘राजीखुशीने आला होता’ या म्हणण्याला तिथे किंमत नाही. एकाहून जास्त माणसं असतील तर किमान शिक्षा दहा वर्षं. पिकअपमध्ये किती माणसं असतात ते आपल्याला ठाऊक आहे. या कलमाखाली वीटभट्टीच्या मुकादमावर किंवा मालकावर गुन्हा दाखल करून घ्यायला मी ज्या ज्या ठाण्यात गेलो, तिथे ‘मजुरीचा वाद आहे, कामगार कार्यालयात जा’ एवढंच ऐकलं.

वेठबिगार पद्धत निर्मूलन कायदा १९७६ चा आहे. तो इतका स्पष्ट आहे की वाचून आश्चर्य वाटतं. वेठीचं कर्ज रद्द झालं असं तो सांगतो. रद्द झालेल्या कर्जापोटी पैसे घेणं हाच गुन्हा ठरवतो. आणि कर्ज वेठीचं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी मजुरावर न टाकता सावकारावर टाकतो. किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं म्हणजे संविधानाच्या कलम २३ खालची सक्तीची मजुरी, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सांगून ठेवलंय. सक्तीची मजुरी दिसली की तिच्यामागे उचल असणारच असं गृहीत धरा, हे १९८३ मध्ये बंधुआ मुक्ती मोर्चाच्या खटल्यात. जुन्या ठाणे जिल्ह्यात याच कायद्याचं बोट धरून विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेने वेठबिगार सोडवले. आपल्या विभागाला हे नवं नाही. कायद्यातलं जे खरोखर जुनं झालंय ते म्हणजे दंड. जास्तीत जास्त दोन हजार रुपये, १९७६ पासून तेवढाच. आणि वेठीला धरणाऱ्याकडून तो वसूल झालाच, तर त्यातून मजुराला दिवसाला पाच रुपये. पाच रुपयांत आज पेणच्या एसटी स्टँडवर चहाही येत नाही.

आता तहसिलीत काय होतं ते सांगतो. कुठल्या, ते लिहीत नाही. एकाच ठिकाणी होतं असंही नाही. रात्रीतून भट्टी सोडून, पोरं कडेवर घेऊन, मिळेल त्या गाडीने कुटुंब वाडीवर येतं. मागोमाग मुकादम येतो. घासाघीस होते, कधी मारहाण. मग प्रकरण साहेबांपुढे जातं. साहेब माणूस वाईट नसतात. दोघांना समोर बसवतात, मुकादमाला दरडावतात आणि शेवटी जबाब लिहिला जातो : ‘उभयतांत मजुरीबाबत गैरसमज होता. उर्वरित रक्कम मजूर दोन हप्त्यांत परत करील. तक्रार नाही.’ खाली अंगठा. जी वसुली कायद्याने गुन्हा आहे, तिचे हप्ते सरकारी खोलीत, सरकारी कागदावर बांधून दिले जातात. वर ‘हे लोक दारूत उडवतात हो’ अशी पुस्ती. उडवत असतील. कर्ज कशावर खर्च झालं हे विचारायला कायद्याने कोणाला सांगितलेलं नाही. आपल्यातल्या कितीजणांच्या गृहकर्जाचे आणि लग्नातल्या उधळपट्टीचे हिशोब तहसिलीत वाचले जातात?

एवढ्या सगळ्यात ज्या एका कागदाने चित्र पालटतं तो मुक्ततेचा दाखला. तो हातात असेल तर केंद्राच्या पुनर्वसन योजनेतून तातडीची मदत तीस हजारांपर्यंत. पुढे पुरुषाला एक लाख, महिला आणि मुलांना दोन, आणि तस्करी वा लैंगिक शोषणाच्या गंभीर प्रकरणांत तीन लाख. दाखला नसेल तर तो माणूस सरकारदरबारी वेठबिगार कधी नव्हताच. आणि इथेच मेख आहे. छापा पडून सुटका झाली तर जिथे सुटका झाली तिथले अधिकारी दाखला देतात. छापे किती पडतात? आमच्याकडची बहुतेक माणसं स्वतःच्या पायांनी सुटून येतात. इथे आल्यावर इथलं कार्यालय म्हणतं, घटना आमच्या हद्दीतली नाही, भट्टी ज्या तालुक्यात आहे तिथे अर्ज करा. तिथे पत्र पाठवलं तर उत्तर येतं, सदर मजूर जागेवर आढळून आले नाहीत. कसे आढळतील? ते इथे आहेत, म्हणून तर पत्र गेलं.

वेठबिगार कायद्याचं कलम १२ अधिकाऱ्याला स्वतःच्या हद्दीत चौकशी करायला सांगतं आणि त्या हद्दीवर बोट ठेवून सगळे हात झटकतात. माझं म्हणणं साधं आहे. उचल दिली गेली ती वाडीवर, म्हणजे आपल्या हद्दीत. माणसं गाडीत भरली ती आपल्या हद्दीत. आणि पळून आल्यावर ज्या ‘बाकी’साठी मुकादम दारात येऊन शिव्या देतो, ते वेठीचं कर्ज आजही आपल्याच हद्दीत जिवंत आहे. भट्टी शिरूरला असो की बेळगावला, वेठ इथे बांधली गेली. मग चौकशी इथे का होऊ नये आणि दाखला इथल्या प्रांताधिकाऱ्यांनी का देऊ नये? तिकडचा पुरावा हवा असेल तर तिकडे जाऊन जबाब घ्यायचं काम सरकारी यंत्रणेचं. अंगठाबहाद्दर माणसाला दोन एसटी बदलून, जिथून तो जीव मुठीत घेऊन पळाला त्याच गावात पाठवणं हे काही चौकशीचं लक्षण नाही.

म्हणूनच हे पत्र जिल्हाधिकाऱ्यांऐवजी आपल्याला लिहितोय. पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे सगळे जिल्हे आपल्याकडे येतात आणि घाटावरच्या आयुक्तांशी बरोबरीच्या नात्याने आपणच बोलू शकता. स्वतःहून सुटून आलेल्या कुटुंबाचा जबाब मूळ गावच्या प्रांताधिकाऱ्यांनी घ्यावा, दाखल्याचा निर्णय त्यांनीच करावा, आणि तोपर्यंत कुठल्याही कार्यालयाने ‘तडजोड’ लिहून घेऊ नये, एवढं एक परिपत्रक आपण काढलंत तरी शेकडो घरांचा प्रश्न हलेल.

किनाऱ्यावरचीही एक गोष्ट याला जोडून आहे, थोडक्यात सांगतो. कोकणातल्या बंदरांत नेपाळपासून उत्तर प्रदेशापर्यंतचे खलाशी राबतात. १ ऑगस्टला हंगाम सुरू व्हायच्या आधी त्यांनाही आगाऊ रक्कम दिली जाते. बोटमालकांची बाजू मला माहीत आहे. आगाऊ घेऊन खलाशी पसार झाले, बोट धक्क्यालाच राहिली, हे दरवर्षी ऐकतो आणि त्यात खोटं नाही. पण समुद्रात आठ-दहा दिवस असलेल्या माणसाला पळायलाही जागा नसते. २६ नोव्हेंबर २००८ नंतर समुद्रात जाणाऱ्याला ओळखपत्र द्यायची मोहीम झाली, बोटीवर कोण आहे याची विचारपूस सुरू झाली. कोण समुद्रात गेला याची सरकारला काळजी आहे, ही चांगलीच गोष्ट. मग त्याच्या नावावर किती आगाऊ आहे आणि हातात किती पडले, ही दोन घरं त्याच नोंदीत वाढवायला काय हरकत आहे? प्रामाणिक मालकालाही त्या नोंदीचा आधार होईल.

वाड्यांकडे परत येतो. वेठबिगारीवर लक्ष ठेवणाऱ्या दक्षता समित्या जिल्हा आणि उपविभाग पातळीवर असायलाच हव्यात, आणि त्यात अनुसूचित जाती-जमातींच्या तीन स्थानिक व्यक्ती असाव्यात असं कायदाच सांगतो. तिथे पक्षाचा पदाधिकारी न बसवता भट्टीवर चिखल तुडवलेली एखादी कातकरी बाई बसवा. मुकादम कुठली गाडी आणतो, कोणत्या मालकाचा पैसा फिरवतो, हे तिला तोंडपाठ असतं. एक सांगायला हवं : मुकादम बऱ्याचदा वाडीतलाच असतो, मालकाकडून घेतलेल्या पैशाखाली तोही दबलेला असतो. त्याला एकट्याला आत टाकून मालकाचं नाव गाळायची जी पद्धत पडली आहे ती मोडायला हवी.

आणि हे सगळं झाल्यानंतरचं काम नको, आधीचं हवं. भाद्रपदात वाडीवर पैसा नसतो ही काही गुप्त बातमी नाही. कोरोनाच्या काळात आदिवासी कुटुंबांना खावटी अनुदान दिलं गेलं, कुटुंबामागे चार हजार, निम्मे रोख, निम्मे सामान. अडचणीच्या त्या दोन महिन्यांत एवढा आधार दरवर्षी मिळाला, रोजगार हमीची कामं पाऊस ओसरताच निघाली आणि मजुरी पंधरा दिवसांत खात्यावर पडली, तर उचल घेणाऱ्यांतली निदान काही घरं थांबतील. पीएम-जनमन या केंद्राच्या आदिवासी योजनेत कातकऱ्यांना घरकुलं मंजूर झाली आहेत, त्याचंही असंच. बांधकाम करायचं ते उन्हाळ्यात, आणि घराचा मालक त्या वेळी भट्टीवर. पावसाळ्यात तो घरी असतो तेव्हा बांधकाम बंद. मग ‘लाभार्थी उदासीन’ असा शेरा. पोरांसाठी शिक्षण हमी पत्रक नावाचं एक कार्डही आहे. कुठेही गेलात तरी ते दाखवून तिथल्या शाळेत बसा. रात्री अकराला पिकअप निघताना ते कोणी द्यायचं?

२०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यात कातकऱ्यांची लहान मुलं थोडे पैसे आणि एखादी मेंढी देऊन राबायला नेल्याचं उघड झालं. ते बाहेर आलं त्यातल्या एका मुलीचा जीव गेल्यानंतर. कसारा घाट उतरला की आपला विभाग लागतो.

माझ्याकडे आज अशा कुटुंबांचे लिहून घेतलेले जबाब आहेत. नावं या पत्रात देत नाही, कारण मुकादमही वाचतात, निदान वाचून घेतात. आपण प्रांताधिकाऱ्यांना सांगितलंत तर त्यांच्यासमोर ही माणसं उभी करायची जबाबदारी माझी. फक्त तारीख दिवाळीच्या आधीची द्या. नंतर वाडीवर म्हातारी माणसं आणि कुत्री एवढेच असतात.

आपला,
एक निवृत्त आश्रमशाळा शिक्षक,
ता. पेण, जि. रायगड

प्रत : मा. कामगार आयुक्त, महाराष्ट्र राज्य