पूल : पैसा आला, पण खेळाडू घडणार कुठे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुलै २०२५ मध्ये सौदी अरेबियातील जेद्दा येथे फिलिपिन्सच्या कार्लो बियाडोने फेडोर गोर्स्टचा १५-१३ असा पराभव करून नाइन-बॉल पूलचे जागतिक विजेतेपद मिळवले. पूल म्हणजे क्यूने, अर्थात लांब काठीने, चेंडू टेबलाच्या पॉकेटमध्ये (भोकांत) घालण्याचा खेळ, आणि नाइन-बॉल हा त्याचाच एक प्रकार. स्पर्धेची एकूण बक्षीस रक्कम १० लाख डॉलर होती आणि त्यातले अडीच लाख विजेत्याला मिळाले. मी घेतो त्या मराठी वृत्तपत्रांत ही बातमी मला शोधूनही सापडली नाही. पूलविषयी आपल्याकडे छापून येते ते बहुधा एखाद्या पूल पार्लरवर, म्हणजे पैसे देऊन पूल खेळायच्या जागेवर, पडलेल्या छाप्याचे. पुण्यात १८ वर्षे चार टेबलांचे पार्लर चालवलेला माणूस म्हणून या खेळाच्या व्यावसायिक बाजूविषयी थोडे सविस्तर लिहावेसे वाटले.

आधी बदनामीविषयी. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत ‘पूलरूम’ म्हणत ते घोड्यांच्या शर्यतींवर पैसे लावण्याच्या जागेला. दोन शर्यतींमधला वेळ जावा म्हणून तिथे बिलियर्डची टेबले मांडलेली असत. जुगार चाले तो घोड्यांवर, नाव मात्र टेबलाला चिकटले आणि ते आजही सुटलेले नाही.

अर्थात पैजेच्या खेळानेही मोठे खेळाडू घडवले, हे मान्य केले पाहिजे. मनिलातील काकांच्या पार्लरमध्ये वाढलेला, रात्री टेबलावरच झोपणारा आणि उंची पुरत नाही म्हणून शीतपेयाच्या खोक्यांवर उभा राहून खेळ शिकलेला फिलिपिन्सचा एफ्रेन रेयेस १९९४ मध्ये पूलची यूएस ओपन जिंकणारा पहिला बिगर-अमेरिकी खेळाडू ठरला आणि १९९९ मध्ये कार्डिफ येथे जगज्जेता झाला. प्रतिस्पर्ध्याने पांढरा चेंडू दुसऱ्या चेंडूआड लपवून ठेवला, की इतर खेळाडू कसाबसा स्पर्श साधून फाउल टाळण्याचे पाहत. रेयेस मात्र दोन-तीन कुशनांवरून (टेबलाच्या कडांवरून) पांढरा चेंडू फिरवून हव्या त्या चेंडूला पॉकेटची वाट दाखवत असे. पैसे लावून खेळलेल्या असंख्य रात्रींतून ती नजर तयार झाली होती. पण त्या व्यवस्थेत शिकणाऱ्याला पहिली काही वर्षे हरण्याची किंमत स्वतःच्या खिशातून मोजावी लागे, आणि ज्याच्या खिशात ती नव्हती तो खेळाडू जगाला कधी कळलाच नाही.

दूरचित्रवाणीने तर खेळाचे रूपच पालटले. अमेरिकेच्या विली मोस्कोनीने १९४१ ते १९५७ या काळात १५ वेळा जागतिक विजेतेपद मिळवले ते स्ट्रेट पूलमध्ये, म्हणजे कोणताही चेंडू घालून गुण जमवत जाण्याच्या प्रकारात. १९५४ मध्ये ओहायो राज्यातील स्प्रिंगफिल्ड येथे त्याने एकही चूक न करता सलग ५२६ चेंडू घातले, आणि २०१९ मध्ये जॉन श्मिटने ६२६ चेंडू घालेपर्यंत तो आकडा ६५ वर्षे टिकला. एक खेळाडू तासभर टेबलाशी आणि दुसरा तासभर खुर्चीत, हे दृश्य पडद्यावर तग धरणारे नव्हते. त्याउलट नाइन-बॉलमध्ये टेबलावरच्या सर्वांत लहान आकड्याच्या चेंडूला आधी लागायचे आणि शेवटी नऊ घालायचा, एवढे कळले की नवखा माणूसही सामना पाहू शकतो. स्ट्रेट पूल मागे पडल्याचे मला आजही वाईट वाटते, कारण कोणता चेंडू कशासाठी राखून ठेवायचा हा विचार त्या खेळाइतका दुसऱ्या कशात लागत नाही.

पूलमध्ये मोठा पैसा पहिल्यांदाच आला आहे असेही नाही. २००६ मध्ये अमेरिकेतील रीनो येथे इंटरनॅशनल पूल टूरची स्पर्धा जिंकून रेयेसने ५ लाख डॉलरचे बक्षीस पटकावले आणि खेळाडूंना वाटले की आपले दिवस पालटले. पण त्याच स्पर्धेनंतर बक्षिसाचे पैसे वेळेवर मिळाले नाहीत आणि ती मालिका तिथेच संपली. खेळाडूंची स्वतःची भक्कम संघटना नव्हती, त्यामुळे देणे वसूल करण्यासाठी त्यांच्या हाती फारसे काही नव्हते.

आज चित्र बरेच चांगले आहे. मॅचरूम या ब्रिटिश कंपनीने यूएस ओपन ताब्यात घेतली, २०२३ पासून वर्ल्ड नाइनबॉल टूर सुरू केली आणि जागतिक स्पर्धेसाठी सौदी अरेबियाशी दहा वर्षांचा करार केला. वेळापत्रक, मानांकन, प्रक्षेपण या सगळ्यांत शिस्त आली, हे कोणीही मान्य करील. पण कंपनी आणि जागतिक महासंघ यांच्यात मान्यतेवरून वाद पेटला, तेव्हा कोणत्या स्पर्धेत खेळावे आणि कोणत्या स्पर्धेत खेळू नये या पेचात खेळाडूच अडकले आणि निलंबनाची टांगती तलवार त्यांच्याच डोक्यावर राहिली. एका कंपनीच्या उत्साहावर आणि एका देशाच्या तिजोरीवर उभा असलेला खेळ २००६ पेक्षा सुस्थितीत आहे, पण निर्धास्त नाही.

माझा मुख्य मुद्दा याच्याही पुढचा आहे. अमेरिका आणि युरोप यांच्यात १९९४ पासून दरवर्षी मोस्कोनी कप खेळला जातो. सुरुवातीच्या वर्षांत अमेरिकेचे वर्चस्व होते. २०१० ते २०२४ या पंधरा वर्षांत मात्र अमेरिका जिंकली ती केवळ दोनदा, २०१८ आणि २०१९ मध्ये, आणि त्या दोन्ही वेळी संघाची सूत्रे योहान राउसिंक या डच प्रशिक्षकाकडे होती. जिथे या खेळाच्या दंतकथा जन्मल्या त्या देशाला प्रशिक्षक युरोपातून आणावा लागला, याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. युरोपात गावागावांत पूलचे क्लब आहेत, जर्मनीत फुटबॉलसारखी पूलचीही बुंडेसलीगा (राष्ट्रीय साखळी स्पर्धा) आहे, आणि १९९२ पासून युरो टूर चालते. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला स्टान्स (उभे राहण्याची पद्धत) आणि क्यूची सरळ चाल शिकवणारा माणूस तिथे असतो, आणि त्या मुलाला दर शनिवार-रविवारी आपल्या तोडीच्या मुलाशी खेळायला मिळते. अमेरिकेत मुलगा पार्लरमध्ये एकटा शिकला, एकटा पैसे लावून खेळला आणि पार्लरे कमी होत गेली तशी ती वाटही बुजली.

आता आपल्याकडे पाहू. विल्सन जोन्स पुण्यात जन्मले. १९५८ मध्ये त्यांनी कोलकात्यात हौशी बिलियर्डचे जागतिक विजेतेपद मिळवले आणि कोणत्याही खेळात वैयक्तिक जागतिक विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले. मुंबईचे मायकेल फरेरा तीनदा हौशी जगज्जेते झाले. पंकज अडवाणी वाढले बंगळुरूत, पण त्यांचाही जन्म पुण्याचाच. आपल्याकडे बिलियर्ड आणि स्नूकर जिमखान्यांच्या आश्रयाने रुजले, आणि जिमखान्याचे सभासदत्व ज्याच्या घरी होते त्याच्यासाठी टेबल होते, गुण मांडणारा मार्कर होता, स्पर्धाही होती. पूल आला तो जिमखान्याबाहेर, दुकानांच्या वरच्या मजल्यावर, महाविद्यालयांच्या आसपास, तासाच्या दराने. त्यामुळेच जिमखान्याच्या पायऱ्या कधीही न चढलेली मुले पहिल्यांदा क्यू हातात धरू शकली.

माझ्याकडे आठवीतला एक मुलगा येत असे, त्याचे वडील रिक्षा चालवत. पैसे नसायचे म्हणून तो टेबले पुसायचा, रॅक लावून (खेळाआधी चेंडू मांडून) द्यायचा आणि त्या बदल्यात दुपारी दोन तास खेळायचा. चेंडू घालण्यापेक्षा सेफ्टी (प्रतिस्पर्ध्याला अवघड जावे असा बचावाचा फटका) खेळावी कधी, हे त्याला कोणी न सांगता कळत होते. मी त्याच्याशी नेहमी हरत असे. त्याला पुढे कुठे पाठवायचे, याचे उत्तर मात्र माझ्यापाशी नव्हते. राष्ट्रीय स्पर्धेत पूलचे गट असतात, पण आमच्या पार्लरपासून तिथपर्यंतच्या वाटेवर त्या काळी मला एकही पायरी दिसली नाही. शाळेला हा खेळ वाटत नव्हता. इमारतीतल्या रहिवाशांना तर पार्लरच नको होते, आणि शेवटी जागेचे भाडे परवडेना तेव्हा मी ते बंद केले. तो मुलगा आज एसी दुरुस्तीचे काम करतो.

म्हणून दोन विनंत्या आहेत. आपल्या क्रीडा पानावर पूलच्या मोठ्या स्पर्धांचे निकाल चार ओळींत का होईना, नियमित द्यावेत. आणि आपण शालेय क्रिकेटच्या स्पर्धा भरवता, तशी १८ वर्षांखालील मुलामुलींसाठी पार्लरांमधील एक छोटी लीग एका हंगामापुरती भरवून पाहावी. आठ पार्लरे, प्रत्येकी तीन खेळाडू, रविवारी सकाळी सामने आणि सामन्याच्या वेळी पार्लरमध्ये पैजेला व धूम्रपानाला पूर्ण मज्जाव, एवढ्यावर ती उभी राहू शकते. सकाळी पार्लरे तशीही रिकामीच असतात, त्यामुळे चालकांचे नुकसान होणार नाही.

चार टेबलांपैकी तीन मी विकली, एक ठेवले आहे. त्याची स्लेट (कापडाखालची दगडी फरशी) सपाट आहे आणि कापड गेल्या दिवाळीत बदलून घेतले आहे. लीग सुरू झाली तर ते टेबल मी विनामूल्य देईन, आणि सामन्यांना पंच म्हणूनही येईन.

आपला नम्र,
पूल पार्लरचा एक माजी चालक, पुणे