किण्वनाचे प्रशिक्षण चालत्या फर्मेंटरपाशी मिळावे

प्रति,
माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मराठवाड्यातील महाविद्यालयांतून दरवर्षी सूक्ष्मजीवशास्त्र आणि जैवतंत्रज्ञान घेतलेले विद्यार्थी मोठ्या संख्येने बाहेर पडतात. वैद्यकीय प्रवेश थोडक्यात हुकलेली, लातूर-नांदेडच्या शिकवण्यांत दोन-दोन वर्षे घासलेली अनेक हुशार मुले-मुली याच विषयांकडे वळतात. दुसरीकडे, औषधनिर्मितीचे कारखाने वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्र्याला आपल्या दारातच आहेत. वोखार्टने २००३ मध्ये जनुकीय पद्धतीने बनवलेले मानवी इन्सुलिन बाजारात आणले आणि त्या कंपनीचा जैवऔषधांचा प्रकल्प छत्रपती संभाजीनगरातच आहे. असे असूनही फर्मेंटेशन, म्हणजे मोठ्या बंद टाकीत (फर्मेंटरमध्ये) सूक्ष्मजीव वाढवून त्यांच्याकडून औषध बनवून घेण्याच्या किण्वन विभागातील जागेसाठी इथलाच उमेदवार मुलाखतीत मागे पडतो. या क्षेत्रात उत्पादनाचे काम केलेला आणि अशा अनेक मुलाखतींना बसलेला माणूस म्हणून त्याचे कारण मला मांडावेसे वाटते.

सूक्ष्मजीवांच्या वाढीचा आलेख हे विद्यार्थी फळ्यावर बिनचूक काढतात. मात्र चालू बॅचमध्ये, म्हणजे टाकीत सुरू असलेल्या एका खेपेत, विरघळलेल्या ऑक्सिजनचा आकडा एकदम खाली आला तर आधी काय पाहाल, असे विचारले की ते गप्प होतात. कारण तो आकडा हलताना त्यांनी पाहिलेलाच नसतो. पाण्यात ऑक्सिजन लिटरमागे जेमतेम सात-आठ मिलिग्रॅम विरघळतो आणि दाट वाढलेले जिवाणू तेवढा साठा काही सेकंदांत संपवतात. म्हणून हवेचा प्रवाह, ढवळणीचा वेग, टाकीतील दाब आणि फेस या चारही गोष्टींवर ऑपरेटरची नजर एकाच वेळी असावी लागते. आकडा उलट एकाएकी वर चढला तर खाद्य संपले असेल किंवा पेशी मरू लागल्या असतील, आणि त्यांपैकी कोणते ते नमुना काढून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहून लगेच ठरवावे लागते. तो नमुना काढण्यापूर्वी सॅम्पलिंगच्या वाटेतून वाफ किती वेळ सोडायची, ती बंद केल्यावर काय तपासायचे, हे पुस्तकात दोन ओळींत उरकलेले असते. त्या दोन ओळी हातात बसल्या नाहीत तर संपूर्ण बॅच दूषित होऊन गटारात जाते.

किण्वनाबद्दल निदान अभ्यासक्रमात बरेच काही आहे. शुद्धीकरणाची, म्हणजे कारखान्यात ज्याला सगळे डाउनस्ट्रीम म्हणतात त्या कामाची, उपेक्षा त्याहून मोठी आहे. पेशी वेगळ्या करणे, गरज असेल तर त्या फोडणे, गाळणे, अल्ट्राफिल्ट्रेशनने (अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्याने) द्रव आटवणे आणि मग एकामागून एक क्रोमॅटोग्राफीचे कॉलम, म्हणजे घटक वेगळे करणाऱ्या, रेझिनचे बारीक मणी भरलेल्या नळ्या, असा हा प्रवास असतो. यात सहा टप्पे धरले आणि प्रत्येक टप्प्यात ९० टक्के माल हाती आला तरी शेवटी मूळ मालापैकी ५३ टक्केच उरतो. तेच प्रत्येक टप्प्याचे उत्पादन ९५ टक्क्यांवर नेता आले तर शेवटी ७३.५ टक्के मिळतो. हा फरक बहुतेक वेळा नवीन यंत्राने पडत नाही. बफर (आम्लता स्थिर ठेवणारे द्रावण) नीट बनवणारा आणि कॉलम नीट भरणारा माणूस तो पाडतो. कॉलममध्ये रेझिन भरताना मध्ये हवा शिरली किंवा थराला भेग गेली, तर द्रव त्या भेगेतूनच पळतो आणि अशुद्ध घटक शुद्ध प्रथिनासोबत खाली उतरतात. भरून झालेल्या कॉलमची चाचणी घेऊन, आलेखावरील शिखर पुढे झुकले आहे की मागे शेपूट सोडते आहे हे ओळखायला शिकणे, हा एका दिवसाचा धडा आहे. पण तो देणारी सोय पदवीच्या स्तरावर माझ्या पाहण्यात आलेली नाही. प्रयोगशाळेत बोटभर कॉलममधून रंग वेगळे करून दाखवले जातात आणि विषय तेथे संपतो.

ही उणीव हेरून काही खासगी संस्था आठ-दहा दिवसांच्या वर्गाला भरमसाट शुल्क घेतात, पडद्यावर चित्रे दाखवतात आणि प्रमाणपत्र हातात ठेवतात. कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलीने पुण्या-हैदराबादला खोली घेऊन असे प्रमाणपत्र आणावे आणि मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला अडावे, हे पाहून फार वाईट वाटते.

माझी मागणी अशी आहे की मराठवाड्यात शंभर ते तीनशे लिटरचा फर्मेंटर आणि त्याला जोडून संपूर्ण शुद्धीकरण साखळी असलेला एक सामाईक प्रशिक्षण प्रकल्प उभारावा. तेथे विकण्याजोगा माल काढायचा नसल्यामुळे चूक करून पाहण्याची मोकळीक असेल. कंपनीच्या चालू बॅचमध्ये शिकाऊ मुलाला व्हॉल्व्हला हात लावू न देणे रास्तच आहे. आयर्लंडने डब्लिनजवळ २०११ मध्ये नेमके याच कामासाठी राष्ट्रीय संस्था उघडली आणि तेथे नवे पदवीधर व नोकरीतील कर्मचारी दोघेही खऱ्या यंत्रांवर शिकतात. आपल्याकडे मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचा जालना परिसर २०१८ पासून सुरू आहे. वाफ, थंड पाणी, संकुचित हवा यांची बांधणी जाणणारी माणसे अशा संस्थेत असतात, म्हणून जागेचा पहिला विचार तेथे व्हावा. पाण्याचा प्रश्न कोणी काढेल, आणि आपल्या भागात तो काढायलाच हवा. परंतु या आकाराच्या प्रकल्पात शीतकरणाचे पाणी पुन्हा पुन्हा फिरवता येते.

प्रशिक्षण केवळ विद्यार्थ्यांपुरते ठेवू नये. लातूर, धाराशिव, बीडच्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांत मळीवर यीस्ट चालवणारे कितीतरी कामगार आहेत, ज्यांना टाकीच्या वासावरून आणि फेसावरून बॅच बिघडल्याचे कळते. निर्जंतुक किण्वनाची शिस्त वेगळी असली तरी असा जाणता हात घडायला वर्षे लागतात. या लोकांसाठी कामाच्या पाळ्या सांभाळून चार-पाच दिवसांचे निवासी वर्ग काढावेत आणि समजावून सांगणे मराठीत असावे. बॅच रेकॉर्ड इंग्रजीत भरायचे असते, त्याचा सराव वेगळा द्यावा, कारण केलेले काम त्याच वेळी न नोंदवणे आणि खाडाखोड करणे हा तपासणीत गंभीर दोष ठरतो.

केंद्रीय मंत्रिमंडळाने २४ ऑगस्ट २०२४ रोजी जैवउत्पादनाला चालना देणारे बायोई-३ धोरण मंजूर केले आहे. त्यातून उभ्या राहणाऱ्या कामांत मराठवाड्याचा वाटा मागताना कारखान्याच्या भूखंडाबरोबर हा प्रशिक्षण प्रकल्पही मागावा, अशी येथील लोकप्रतिनिधींना, दोन्ही विद्यापीठांच्या कुलगुरूंना आणि उद्योजकांच्या संघटनांना आपल्या वृत्तपत्रामार्फत विनंती आहे. यंत्रसामग्रीचा खर्च शासनाने उचलावा आणि शिकवायला कंपन्यांनी आपले अनुभवी पर्यवेक्षक आठवड्यातून एक दिवस द्यावेत. असा दिवस द्यायला मी स्वतः तयार आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक
वाळूज, छत्रपती संभाजीनगर